महिन्याचे १९ डॉलर जातात कुठे?

अमेरिकेत राहणाऱ्या कुणालाही ती जाहिरात वेगळी सांगावी लागत नाही. जाळीमागून बघणारा, एका डोळ्याने अधू झालेला कुत्रा, बर्फात साखळीला बांधून ठेवलेले दुसरे एक कुडकुडणारे जनावर, मागे संथ पियानो, आणि मग निवेदकाचा हळुवार आवाज: महिन्याला फक्त १९ डॉलर, म्हणजे दिवसाला जेमतेम ६३ सेंट. अमेरिकन सोसायटी फॉर द प्रिव्हेन्शन ऑफ क्रुएल्टी टू ॲनिमल्स, म्हणजेच एएसपीसीए, या संस्थेने २००७ मध्ये एका प्रसिद्ध कॅनेडियन गायिकेला घेऊन या धर्तीची जाहिरात सुरू केली, आणि पहिल्या दोन वर्षांतच तिने सुमारे ३ कोटी डॉलर मिळवून दिले. देणगी मागणाऱ्या जाहिरातींच्या इतिहासात इतके यश फार थोड्यांना मिळाले असेल. आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी ओळखीपाळखीच्या घरांपैकी कित्येकांच्या क्रेडिट कार्डावरून ही रक्कम दर महिन्याला आपोआप जाते, आणि ती जाते हे बहुतेकांच्या लक्षातही नसते.

मी लहानसहान धर्मादाय संस्थांचे हिशेब लिहिण्याचे काम करते, त्यामुळे अशा संस्थांची वार्षिक विवरणपत्रे वाचणे हा माझ्या सवयीचाच भाग झाला आहे. अमेरिकेत बहुतेक करमुक्त संस्थांना दर वर्षी फॉर्म ९९० भरावा लागतो आणि गेल्या तीन वर्षांचे फॉर्म मागेल त्याला दाखवावे लागतात. आता तर ते इंटरनेटवर सहज सापडतात. दुर्दैव असे, की देणगीदारांपैकी शंभरात एकही ते उघडून पाहत नसावा, आणि जो पाहतो तोही बहुधा नको त्या रकान्यावर अडकतो. या लेखात त्या रकान्यांविषयीच लिहायचे आहे.

सुरुवात एका गाजलेल्या आकडेवारीपासून करते. २०२१ मध्ये सीबीएस न्यूज या वृत्तसंस्थेने एएसपीसीएच्या करविवरणपत्रांचा मागोवा घेतला. २००८ पासून तोवर संस्थेने प्राण्यांच्या नावाने २०० कोटी डॉलरहून अधिक रक्कम उभी केली होती. त्यापैकी गावोगावच्या प्राणिसंस्थांना अनुदान म्हणून दिले गेले १४ कोटी ६० लाख डॉलर, म्हणजे साधारण सात टक्के. याच काळात निधी उभारण्यावर झालेला खर्च किमान ४२ कोटी १० लाख डॉलर होता, म्हणजे अनुदानाच्या जवळजवळ तिप्पट. बातमी आली तशी खळबळ उडाली, अनेकांनी कार्डे बंद केली, आणि ‘हे सगळे चोर आहेत’ हा निष्कर्ष काढून माणसे मोकळी झाली.

मला तो निष्कर्ष मान्य नाही. हिशेबाच्या दृष्टीने पाहिले तर २०० कोटी मिळवण्यासाठी ४२ कोटी खर्च होणे म्हणजे डॉलरमागे एकवीस सेंट. अमेरिकेतल्या धर्मादाय संस्थांना कसोटीवर लावणारी ‘बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स’ ही संस्था पस्तीस टक्क्यांपर्यंतचा निधीउभारणी खर्च आणि एकूण खर्चाच्या किमान पासष्ट टक्के प्रत्यक्ष कामावर असणे, एवढी मर्यादा मानते. त्या मापाने एएसपीसीए उत्तीर्ण होते. म्हणजे अफरातफर नाही, बेकायदा काही नाही, आणि तरीही देणगीदाराला फसवले गेल्यासारखे वाटते. हे वाटणे खोटे नाही. पण त्याचे मूळ टक्केवारीत शोधून सापडत नाही. जाहिरातीत जे दिसते आणि विवरणपत्रात जे लिहिलेले असते, त्यांच्यामधल्या अंतरात ते सापडते.

जाहिरातीत पिंजरा दिसतो. पाहणाऱ्याच्या मनात आपोआप गावातले शेल्टर उभे राहते: महापालिकेच्या गोदामामागची ती बैठी इमारत, जिथे रस्त्यावर सापडलेली, घरमालकांनी नकोशी झाल्यावर सोडून दिलेली कुत्री-मांजरे ठेवली जातात. एएसपीसीएच्याच अंदाजानुसार २०१९ च्या सुमारास देशभरातल्या शेल्टरांत दर वर्षी ६३ लाख प्राणी येत आणि त्यांपैकी ९ लाख २० हजारांना इंजेक्शन देऊन मारले जाई. हा भार उचलणारी शेल्टरे स्थानिक असतात. काही नगरपालिकेची, काही गावकऱ्यांच्या वर्गणीवर चालणारी. त्यांच्या पाट्यांवर ‘एसपीसीए’ किंवा ‘ह्यूमेन सोसायटी’ असे लिहिलेले असते, आणि सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो. अमुक काउंटीची एसपीसीए ही न्यूयॉर्कच्या एएसपीसीएची शाखा नव्हे. या नावावर कुणाचाच मालकी हक्क नाही. लंडनमध्ये १८२४ साली पहिली संस्था निघाली आणि १८४० मध्ये व्हिक्टोरिया राणीने तिला ‘रॉयल’ म्हणवून घेण्याची परवानगी दिली; तिचे काम पाहून प्रभावित झालेल्या हेन्री बर्ग यांनी १८६६ मध्ये न्यूयॉर्कला दुसरी काढली; १८७४ मध्ये मुंबईतही निघाली, आणि परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचे इस्पितळ तिच्याच वतीने १८८३ पासून चालू आहे. परळच्या इस्पितळाला न्यूयॉर्कहून पैसे येत असतील असे मुंबईत कुणी समजत नाही. अमेरिकेत मात्र ओहायोतल्या एखाद्या आजीबाई आपल्या मृत्युपत्रात ‘एएसपीसीए’ लिहितात, आणि मनात असते ते गल्लीच्या टोकाचे शेल्टर, जिथून त्यांनी आपले मांजर आणलेले असते. स्थानिक शेल्टर चालवणाऱ्यांची मोठ्या संस्थांविरुद्धची सर्वांत जुनी आणि सर्वांत कडवट तक्रार हीच आहे, आणि ती रास्त आहे.

मग एएसपीसीए करते तरी काय? पुष्कळ काही करते, आणि ते सांगितलेच पाहिजे. न्यूयॉर्कमध्ये तिचे स्वतःचे प्राणिरुग्णालय आहे. कुत्र्याने चॉकलेट किंवा उंदराचे औषध खाल्ले तर फोन करायचे देशातले एक महत्त्वाचे विषबाधा केंद्र तीच चालवते, मात्र त्या सल्ल्याचे शुल्क आकारले जाऊ शकते. नसबंदीच्या फिरत्या गाड्या आहेत. नॉर्थ कॅरोलायनात वीव्हरव्हिल येथे छळातून सोडवलेल्या, माणसाच्या सावलीलाही भिणाऱ्या कुत्र्यांना पुन्हा माणसाळवण्याचे केंद्र आहे, आणि त्या कामाला लागणारा वेळ व कौशल्य पाहिले तर ते स्वस्तात होण्यासारखे नाही हे कुणालाही पटेल. पूर, वादळे, कुत्र्यांच्या झुंजींवरचे छापे, या सर्वांत तिची माणसे असतात. संस्थेचे म्हणणे असे, की अनुदान हा आमच्या कामाचा एक लहान भाग आहे, त्यावरून आम्हाला मोजू नका. हे म्हणणे अर्धे बरोबर आहे. अर्धेच अशासाठी, की मग जाहिरातीत विषबाधा केंद्राची टेलिफोन ऑपरेटर का दिसत नाही, हा प्रश्न उरतो.

इथे एक गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते. १८९४ पासून १९९४ पर्यंत, तब्बल शंभर वर्षे, न्यूयॉर्क शहरातली भटकी जनावरे पकडून ठेवण्याचे आणि न घेतलेली मारण्याचे कंत्राट एएसपीसीएकडेच होते. ते काम खर्चाचे होते, शहराकडून मिळणारा पैसा पुरत नव्हता, आणि प्राणिदयेच्या संस्थेने दर वर्षी हजारो प्राणी मारावेत हे देणगीदारांना समजावून सांगणे दिवसेंदिवस कठीण होत होते. संस्थेने ते काम सोडले. १९९५ पासून शहराने त्यासाठी वेगळी संस्था उभी केली. पुढे २०१४ पासून क्रूरतेच्या तक्रारींचा तपासही न्यूयॉर्क पोलिसांकडे गेला, आणि एएसपीसीएकडे राहिली ती सोडवलेल्या प्राण्यांची शुश्रूषा व पोलिसांचे प्रशिक्षण. कदाचित दोन्ही निर्णय योग्यच होते. परंतु सर्वांत अप्रिय, सर्वांत नित्याचे आणि न संपणारे काम बाजूला ठेवल्यानंतरच संस्थेची तिजोरी फुगत गेली, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. आज तिचे वार्षिक उत्पन्न ३० कोटी डॉलरच्या पुढे गेलेले आहे.

आता त्या रकान्याकडे वळते, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि ज्याच्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते. फॉर्म ९९० च्या नवव्या भागात संस्थेचा खर्च तीन रकान्यांत वाटलेला असतो: प्रत्यक्ष काम, व्यवस्थापन आणि निधीउभारणी. पत्रकात ‘आमच्या प्रत्येक डॉलरातले इतके सेंट थेट प्राण्यांसाठी’ असे जे चक्राकार चित्र छापलेले असते, ते या पहिल्या रकान्यावरून काढलेले असते. पण पहिल्या रकान्यात काय काय घालता येते, हे पाहिल्याशिवाय त्या चित्राला अर्थ नाही.

समजा संस्थेने दहा लाख घरी पत्रे पाठवली. पत्रात देणगीची मागणी आहे, परत पाठवायचे पाकीट आहे, शिवाय नाव-पत्ता छापलेल्या चिकटपट्ट्या आहेत. त्याच पत्रात एक परिच्छेद असतो: उन्हाळ्यात कुत्र्याला बंद गाडीत ठेवू नका, आपल्या मांजराची नसबंदी करून घ्या. हा परिच्छेद लोकशिक्षण आहे, आणि लोकशिक्षण हे संस्थेच्या उद्दिष्टांपैकी एक आहे. त्यामुळे छपाई, कागद आणि टपालखर्चाचा काही हिस्सा निधीउभारणीच्या रकान्यातून उचलून ‘प्रत्यक्ष काम’ या रकान्यात नेता येतो. हिशेबाच्या भाषेत याला संयुक्त खर्चाची विभागणी म्हणतात. टीव्हीवरच्या जाहिरातींनाही हेच लागू होते. अमेरिकन लेखापालांच्या संस्थेने १९९८ मध्ये यासाठी नियम घालून दिले: उद्देश, श्रोतृवर्ग आणि मजकूर अशा तीन कसोट्यांना खर्च उतरला पाहिजे, वाचकाला काही विशिष्ट कृती करायला सांगितले पाहिजे, नुसते ‘प्राण्यांवर प्रेम करा’ म्हणून भागणार नाही, पत्र पाठवायची माणसे केवळ त्यांच्या देण्याच्या क्षमतेवरून निवडलेली असतील तर श्रोतृवर्गाची कसोटी निसटते, आणि निधी उभारणाऱ्या कंपनीचा मोबदला मुख्यतः गोळा झालेल्या रकमेवर ठरत असेल तर उद्देशाची. नियम कडक वाटतात, पण व्यवहारात कुशल पत्रलेखकाला त्यांत बसणारा मजकूर लिहिणे अवघड जात नाही. मी स्वतः अशी पत्रे वाचली आहेत, ज्यांत तो उपदेशाचा परिच्छेद वाचकासाठी आहे की लेखापरीक्षकासाठी, हे सांगणे कठीण होते.

हा संयुक्त खर्च फॉर्मच्या त्याच भागात, सव्विसाव्या ओळीत, वेगळा दाखवावा लागतो. चॅरिटीवॉचसारखी मूल्यमापन करणारी संस्था ही रक्कम पुन्हा निधीउभारणीत टाकून टक्केवारी काढते, आणि मग तीच संस्था एका मूल्यमापनात उजळ तर दुसऱ्यात काळवंडलेली दिसते. दोन्ही आकडे त्याच फॉर्ममधून आलेले असतात. म्हणून ‘ऐंशी टक्के थेट प्राण्यांसाठी’ हे वाक्य दिसले, की मी आधी सव्विसावी ओळ पाहते. ती रिकामी असेल तर पुढे वाचते. तिथे मोठा आकडा असेल तर ते चक्राकार चित्र बाजूला ठेवते.

अशा टपालाचे अर्थकारणही विलक्षण आहे. अनोळखी लोकांना पाठवलेल्या पत्रांच्या पहिल्या फेरीत बहुधा खर्चही निघत नाही. फायदा होतो तो एकदा देणारा माणूस दर महिन्याला देणारा झाल्यावर, आणि त्याहून मोठा फायदा तो गेल्यावर, मृत्युपत्रातून. त्यामुळे संस्था खर्च करतात तो प्राण्यासाठी जितका, तितकाच पुढच्या वीस वर्षांच्या देणगीदारासाठी. एका संस्थेला पंचवीस डॉलर पाठवले की चार महिन्यांत आणखी पाच संस्थांची पत्रे येऊ लागतात, कारण देणगीदारांच्या याद्या अदलाबदलीने किंवा भाड्याने फिरतात. ते गिरणीसारखे आहे: दळण आणून टाकत राहिले तरच पट्टा फिरतो, आणि पट्टा फिरता ठेवण्यासाठी आणखी दळण लागते.

पगारांविषयी मी थोडक्यातच लिहिणार आहे, कारण लोक नेमके इथेच अडकतात. एएसपीसीएच्या मुख्याधिकाऱ्यांना वर्षाला ८ लाख ४० हजार डॉलरहून अधिक मिळतात हे सीबीएसच्या बातमीतले सर्वांत जास्त फिरवले गेलेले वाक्य होते. रक्कम मला स्वतःला खटकते. पण संस्थेच्या उत्पन्नाच्या प्रत्येक शंभर डॉलरमागे ती पन्नास सेंटही भरत नाही. उलट प्राणिहक्कांसाठी लढणाऱ्या पेटा या संस्थेच्या संस्थापक इन्ग्रिड न्यूकर्क यांचे वेतन वर्षानुवर्षे शाळाशिक्षकाच्या सरासरी पगारापेक्षाही कमी राहिले आहे, आणि तरीही व्हर्जिनियातल्या नॉरफॉक येथील पेटाच्या शेल्टरात आलेल्या प्राण्यांपैकी बहुसंख्यांना मारले जाते म्हणून त्या संस्थेवर सतत टीका होते. पेटाचे उत्तर असते की आमच्याकडे येतात तेच मरणपंथाला लागलेले प्राणी. वाद कुणाच्या बाजूने सुटतो ते असो. पगारावरून संस्थेच्या कामाची प्रत कळत नाही एवढे मात्र त्यातून कळते.

दुसरी मोठी संस्था ह्यूमेन सोसायटी ऑफ द युनायटेड स्टेट्स. ती १९५४ मध्ये निघाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तिने आपले नाव बदलून ‘ह्यूमेन वर्ल्ड फॉर ॲनिमल्स’ असे केले. नावाचा गोंधळ तिच्याबाबतीतही तोच: गावोगावच्या ह्यूमेन सोसायट्यांशी तिचे मालकीचे नाते नाही, आणि ती गावातली कुत्र्या-मांजरांची शेल्टरे चालवत नाही. टेक्सासमधल्या ब्लॅक ब्यूटी रँचसारखी काही अभयस्थाने आहेत, पण तिचा खरा पिंड चळवळीचा आहे: कायदे करून घेणे, कंपन्यांवर दबाव आणणे, खटले लढवणे. कॅलिफोर्नियात २००८ मध्ये प्रपोझिशन २ आणि २०१८ मध्ये प्रपोझिशन १२ या जनमताच्या प्रस्तावांमागे तिचे बळ होते. अंडी देणाऱ्या कोंबड्या, गाभण डुकरिणी आणि वासरे यांना हालचालीपुरती जागा दिलीच पाहिजे, आणि ती न देता तयार केलेला माल राज्यात विकता येणार नाही, असा हा कायदा आहे. डुकरांच्या उत्पादकांनी त्याला आव्हान दिले आणि मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. या एका कायद्याचा परिणाम ज्या संख्येच्या जनावरांवर झाला, तितकी कुत्री देशातली सगळी शेल्टरे मिळून सांभाळत नाहीत. माझ्या मते संस्थेने खर्च केलेल्या पैशांपैकी हा सर्वांत चांगला खर्च असेल. परंतु पैसे मागताना पत्रावर फोटो कुत्र्याचा होता, डुकरिणीचा नव्हता. कुत्र्याच्या फोटोवर मिळालेला पैसा डुकरिणीसाठी वापरला तर त्यात नैतिक चूक काय, असे एक मित्र मला विचारतो. माझे उत्तर असे, की देणाऱ्याला विचारून वापरला असता तर काहीच नाही.

याच चळवळीची दुसरी बाजू सर्कसच्या खटल्यात दिसली. रिंगलिंग ब्रदर्स सर्कशीतल्या हत्तींच्या छळाविरुद्ध २००० मध्ये काही प्राणिसंस्थांनी दावा लावला. मुख्य साक्षीदार सर्कशीतला माजी कामगार होता, आणि दावा लावणाऱ्यांत तो स्वतःही होता. दावा चालू असताना प्राणिसंस्थांकडून त्याला किमान १ लाख ९० हजार डॉलर मिळत राहिले होते, हे उघड झाले. २००९ च्या अखेरीस न्यायाधीशांनी दावा फेटाळला आणि तो माणूस पैसे देऊन उभा केलेला वादी आहे असा शेरा मारला. सर्कशीच्या मालकांनी उलट दावा केला. एएसपीसीएने २०१२ मध्ये ९३ लाख डॉलर देऊन त्यातून अंग काढून घेतले, आणि २०१४ मध्ये ह्यूमेन सोसायटीसह उरलेल्यांनी १ कोटी ५७ लाख ५० हजार डॉलर दिले. त्याच वर्षी, संस्थांना तारे देऊन मूल्यमापन करणाऱ्या चॅरिटी नॅव्हिगेटरने ह्यूमेन सोसायटीचे तारे काढून त्या जागी देणगीदारांसाठी इशारा लावला. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांकडून अडीच कोटी डॉलर एका सर्कशीच्या मालकाकडे गेले, यावर भाष्य करायला मला शब्द सुचत नाहीत. रिंगलिंगने पुढे २०१६ मध्ये हत्ती बंद केले आणि २०१७ मध्ये सर्कस गुंडाळली, ती हत्तींविना २०२३ मध्ये परतली. हत्ती बंद झाले ते या खटल्याच्या निकालाने नव्हे, लोकांचे मत बदलल्याने आणि शहरोशहरी झालेल्या बंदीच्या नियमांनी. आणि ते मत बदलण्यात याच संस्थांच्या अनेक वर्षांच्या प्रचाराचा वाटा होता, हेही नाकारता येत नाही.

एक सावधगिरीची गोष्ट इथेच नोंदवते. या संस्थांवरची जी टीका इंटरनेटवर सर्वांत वर दिसते, तिच्यातली बरीचशी ‘ह्यूमेनवॉच’ या मोहिमेतून आलेली असते. ती चालवणारी संस्था जनसंपर्कतज्ज्ञ रिचर्ड बर्मन यांनी उभी केली, आणि तिचे मूळ भांडवल १९९० च्या दशकात फिलिप मॉरिस या तंबाखू कंपनीकडून आले होते. पुढे तिला पैसा पुरवणाऱ्या खाद्य उद्योगाला ह्यूमेन सोसायटी नकोशी असणे स्वाभाविक आहे. ह्यूमेनवॉचने दाखवलेले आकडे पुष्कळदा फॉर्म ९९० मधलेच, म्हणजे खरेच असतात. पण तेच आकडे का निवडले आणि डुकरिणींचा कायदा यादीतून का गळला, हे वाचणाऱ्याने स्वतःला विचारावे.

इंग्लंडमधली आरएसपीसीए, म्हणजे १८२४ ची ती पहिली संस्था, या दोघींहून वेगळी आहे. तिचे निरीक्षक गणवेशात फिरतात, दारावर येतात, आणि तिच्या शाखा स्वतंत्र नोंदणीच्या धर्मादाय संस्था आहेत. शाखेला दिलेला पैसा शाखेचा, मध्यवर्ती संस्थेला दिलेला तिचा. तिथेही देणाऱ्यांचा घोळ होतोच. तिच्या उत्पन्नाचा निम्म्याच्या आसपासचा भाग मृत्युपत्रांतून येतो, आणि म्हणून मृत्युपत्रांसाठी ती न्यायालयात लढते. एका महिलेने आपली ४ लाख ८६ हजार पौंडांची मालमत्ता, दुरावलेल्या एकुलत्या मुलीला वगळून, आरएसपीसीएसह तीन प्राणिसंस्थांच्या नावे केली. मुलीने दावा केला. वरच्या न्यायालयाने तिला घर घेण्याइतकी रक्कम द्यावी असे ठरवल्यावर संस्था थेट सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि मार्च २०१७ मध्ये त्यांनी तो हिस्सा पुन्हा ५० हजार पौंडांवर आणून ठेवला. कायद्याने त्यांचे बरोबर होते, आणि विश्वस्तांना मिळालेला हक्क सोडून देण्याची मुभा सहसा नसते हेही खरे. तरी निराधार मुलीविरुद्धच्या वकिलांची फी कुत्र्यांच्या पैशातून जाते, हे चित्र कुठल्याच जाहिरातीत येणार नाही.

डिसेंबर २०१२ मध्ये याच संस्थेने ऑक्सफर्डशायरमधल्या हेथ्रॉप हंट या शिकारी मंडळाविरुद्ध कोल्ह्यांच्या बेकायदा शिकारीचा खटला जिंकला. खर्च आला ३ लाख २७ हजार पौंडांच्या घरात. मंडळाला दंड झाला ४ हजार पौंड. खर्चाचा आकडा थक्क करणारा आहे असे न्यायाधीशांनी निकालातच म्हटले. पुढे २०२१ मध्ये संस्थेने स्वतः खटले भरण्याचे काम सरकारी अभियोग खात्याकडे सोपवण्याचे ठरवले. आणि २०१६ मध्ये माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने तिला २५ हजार पौंडांचा दंड ठोठावला, तो देणगीदारांच्या नकळत त्यांच्या श्रीमंतीचा अंदाज काढून घेतला आणि त्यांची माहिती इतर संस्थांशी वाटून घेतली म्हणून. मृत्युपत्रात किती सोडून जाण्यासारखा हा माणूस आहे, याची चाचपणी होती ती. त्या काळात ब्रिटनमधल्या आणखी डझनभर नामवंत संस्था याच कारणासाठी दंडित झाल्या, म्हणजे एकट्या आरएसपीसीएला दोष देण्यात अर्थ नाही.

भारतातल्या नातेवाइकांशी हा विषय निघाला की ते म्हणतात, तुमच्याकडे निदान फॉर्म तरी पाहायला मिळतो. ते खरे आहे. आपल्याकडे न्यासाला आयकरातून सूट हवी तर उत्पन्नाच्या पंच्याऐंशी टक्के रक्कम उद्दिष्टांवर खर्च करावी लागते, लेखापरीक्षण होते, महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब जातात. पण देणगीदाराने घरबसल्या उघडून वाचावे असे फॉर्म ९९० सारखे एकच सार्वजनिक विवरणपत्र नाही. ऐंशी जीची पावती म्हणजे कामाची हमी, असा समज मात्र पक्का आहे. ती पावती फक्त कर वाचवते.

आणि अमेरिकेतून महाराष्ट्रातल्या एखाद्या शेल्टरला मदत करू पाहणाऱ्या माझ्यासारख्यांना २०२० नंतर एक निराळीच अडचण आहे. परदेशी देणग्यांच्या कायद्यात, म्हणजे एफसीआरएमध्ये, त्या वर्षी झालेल्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नासवरून वीस टक्क्यांवर आणली, परदेशी पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घेण्याचे बंधन घातले, आणि एका संस्थेने तो दुसऱ्या संस्थेला देण्यास पूर्ण मनाई केली. तिसऱ्या तरतुदीचा फटका लहानांना बसला. पूर्वी मोठी नोंदणीकृत संस्था सरकारच्या पूर्वपरवानगीने पैसे घेऊन साताऱ्याच्या किंवा सावंतवाडीच्या चार खोल्यांच्या शेल्टरला पोहोचवू शकत होती; आता त्या शेल्टरला स्वतःची नोंदणी हवी, स्वतःचे दिल्लीतले खाते हवे, दर वर्षाची विवरणे हवीत. जिथे कुत्र्यांना खायला घालणारा माणूसच हिशेबही लिहितो, तिथे हे होत नाही. परिणाम असा, की अमेरिकेत मोठ्या संस्थेने लहानांना द्यावे म्हणून आपण भांडतो, आणि भारतात परदेशी पैशाच्या बाबतीत तसे देणे कायद्यानेच बंद आहे.

त्यामुळे माझ्यापुरते मी असे केले आहे: इथले पैसे इथल्या काउंटीच्या शेल्टरला, त्याच्याच पत्त्यावर, चेकने. चेकच्या मेमोच्या ओळीत ‘नसबंदीसाठी’ असे लिहिते आणि सोबतच्या पत्रातही, कारण विशिष्ट कामासाठी म्हणून दिलेली आणि तशीच स्वीकारलेली देणगी संस्थेला वेगळी ठेवावी लागते. महाराष्ट्रातले पैसे आईच्या भारतातल्या खात्यातून, तिच्या उत्पन्नातून, तिच्या नावाने, कारण माझे तिकडे गेले तर ते परदेशी देणगीत मोडते की नाही या चर्चेतच वर्ष निघून जाईल. एएसपीसीएचे १९ डॉलर मी बंद केलेले नाहीत, हे ऐकून काहींना नवल वाटते. शेजारच्या लॅब्रॅडोरने एका रात्री उंदराचे औषध खाल्ले तेव्हा त्या विषबाधा केंद्राने काय केले ते मी पाहिलेले आहे, आणि तेवढ्या एका कामासाठी मी ते देते. फॉर्म ९९० च्या परिशिष्ट आय मध्ये पाच हजार डॉलरहून अधिक अनुदान मिळालेल्या प्रत्येक अमेरिकी संस्थेचे नाव आणि रक्कम छापलेली असते. आमच्या काउंटीच्या शेल्टरचे नाव मी तिथे दर वर्षी शोधते, आणि अजून तरी ते मला सापडलेले नाही.